सागरपार मोहिमांचे टपाल : ‘आय.ई.एफ.’ अधिमुद्रित तिकिटे आणि भारतीय सैनिकाचे पत्र (१९१४–१९२२)

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास सामान्यतः सेनापतींचे अहवाल, तहनामे आणि पलटणींच्या रोजनिशा यांच्या आधारे लिहिला जातो. या साधनांत सामान्य शिपाई संख्येच्या रूपाने येतो, व्यक्तीच्या रूपाने क्वचितच. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व बिगरलढाऊ कामगार सागरापार गेले आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. फ्रान्सच्या खंदकांत, मेसोपोटेमियाच्या वाळवंटात, पूर्व आफ्रिकेच्या जंगलात असताना त्यांचा घराशी असलेला एकमेव धागा म्हणजे पत्र होय. हे पत्र ज्या व्यवस्थेतून प्रवास करीत होते तिच्या खुणा आजही तिकिटे, ठसे आणि लिफाफे यांच्या रूपाने उपलब्ध आहेत.

या खुणांकडे आपल्याकडे आजवर प्रामुख्याने छंद म्हणून पाहिले गेले. तिकीटसंग्राहकांनी त्यांची सूची केली, किमती ठरविल्या; इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही. प्रस्तुत लेखात भारतीय तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ ही तीन अक्षरे का छापली गेली, त्यामागील टपालव्यवस्था कशी चालत होती आणि अशा टपालाकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून कसे पाहावे, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. मराठी सैनिकांचा संबंध विशेषतः मेसोपोटेमियाच्या मोहिमेशी असल्याने त्या मोहिमेचा परामर्श अधिक विस्ताराने घेतला आहे.

पूर्वपीठिका : बुशायरपासून चीनपर्यंत

भारतातून परदेशी जाणाऱ्या फौजेबरोबर टपाल कचेरी पाठविण्याची प्रथा पहिल्या महायुद्धाच्या बरीच आधीची आहे. १८५६ मध्ये इराणच्या आखातातील बुशायर बंदरावर जी मोहीम निघाली, तिच्याबरोबर भारतीय रणक्षेत्र टपाल कचेरी प्रथम परदेशी गेली. भारतीय लष्करी टपालसेवेचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो. पुढे १८६७–६८ मध्ये अ‍ॅबिसिनियावर सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली जी मोहीम निघाली, तिची मुख्य जमवाजमव मुंबई बंदरात झाली. सैनिक, जनावरे, दाणागोटा यांच्याबरोबर टपालाचीही तरतूद करावी लागली. तांबड्या समुद्राच्या काठावरील झुला येथील तळावरून पत्रे भारताकडे रवाना होत असत. या काळापर्यंत मोहिमेसाठी वेगळी तिकिटे नव्हती. नित्याच्या भारतीय तिकिटांवर मोहिमेचा ठसा उमटविला जाई.

वेगळ्या तिकिटांची सुरुवात झाली ती चीनमध्ये. १९०० साली चीनमधील ‘बॉक्सर’ उठावाच्या वेळी पेकिंग येथील परकीय वकिलातींना वेढा पडला. तो उठविण्यासाठी आठ राष्ट्रांच्या फौजा एकत्र आल्या. त्यांतील ब्रिटिश तुकडीत भारतीय पलटणींचा मोठा भरणा होता आणि तिचे सेनापतिपद जनरल सर आल्फ्रेड गॅसली यांच्याकडे होते. १४ ऑगस्ट १९०० रोजी वकिलातींची सुटका झाली. याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाची मुद्रा असलेल्या भारतीय तिकिटांवर ‘सी.ई.एफ.’ अशी अक्षरे काळ्या शाईत छापून ती मोहिमेच्या टपाल कचेऱ्यांत उपयोगात आणली गेली. ‘चायना एक्स्पिडिशनरी फोर्स’ या नावाची ही आद्याक्षरे होत. मोहीम संपली तरी फौजेचा काही भाग उत्तर चीनमध्ये राहिला; त्यामुळे ही तिकिटेही चालू राहिली. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज अशा तीन राज्यकर्त्यांच्या मुद्रा त्यांवर आल्या आणि १९२३ मध्ये त्यांचा वापर थांबला. एका ‘तात्पुरत्या’ मोहिमेची तिकिटे तेवीस वर्षे चालावीत, ही गोष्ट साम्राज्याच्या तात्पुरतेपणाविषयी पुरेशी बोलकी आहे.

याच मोहिमेतील एक छोटा प्रकार उल्लेखनीय आहे. १९०१ च्या एप्रिल–मे महिन्यांत, ब्रिटिशांच्या ताब्यातील रेल्वेवर टपालडब्यात ऐनवेळी टाकल्या जाणाऱ्या पत्रांसाठी जादा आकार घेतला जाई. त्यासाठी अर्ध्या आण्याच्या ‘सी.ई.एफ.’ तिकिटावर ‘बी.आर.ए.’ ही अक्षरे व पाच सेंट ही किंमत पुन्हा छापण्यात आली. हे तिकीट जेमतेम महिनाभर चालले. एका तिकिटावर भारताचे नाव, ब्रिटिश राणीची मुद्रा, मोहिमेची अक्षरे, रेल्वे प्रशासनाची अक्षरे आणि चिनी चलनातील किंमत असे पाच थर एकत्र आलेले दिसतात.

चीनच्या मोहिमेतील भारतीय शिपायाचा स्वतःचा आवाजही सुदैवाने उपलब्ध आहे. सातव्या राजपूत पलटणीतील ठाकूर गदाधर सिंह यांनी ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहून आपला अनुभव नोंदविला. लिहिता येणाऱ्या आणि लिहिण्याची इच्छा असलेल्या अशा शिपायांची संख्या मात्र फारच थोडी होती. बाकीच्यांचे लेखन जे काही झाले ते पत्रांतच.

‘आय.ई.एफ.’ : मोहिमा आणि तिकिटे

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच भारतातून निरनिराळ्या रणभूमींवर फौजा पाठविण्याचा निर्णय झाला. या फौजांना रोमन वर्णमालेतील अक्षरांनी ओळखले जाई. ‘ए’ फौज फ्रान्सला गेली, ‘बी’ व ‘सी’ पूर्व आफ्रिकेत, ‘डी’ मेसोपोटेमियात, ‘ई’ व ‘एफ’ इजिप्तमध्ये, तर ‘जी’ गॅलिपोलीत. या सर्वांचे सामाईक नाव ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’ असे होते. त्याचीच आद्याक्षरे सप्टेंबर १९१४ पासून भारतीय तिकिटांवर अवतरली.

या मालिकेसाठी पाचव्या जॉर्जची मुद्रा असलेली नित्याची भारतीय तिकिटे वापरली गेली. ती लंडनच्या द ला रू कंपनीने छापलेली होती. ३ पै, अर्धा आणा, १ आणा, २ आणे, अडीच आणे, ३ आणे, ४ आणे, ८ आणे, १२ आणे आणि १ रुपया अशा दहा किमतींची ही मालिका आहे. काळ्या शाईतील ‘आय.ई.एफ.’ हे अधिमुद्रण साधे, कोणतीही नक्षी नसलेले आहे. काही पानांवर ‘एफ’ या अक्षरापुढील बिंदू छपाईत सुटलेला आढळतो. संग्राहकांच्या दृष्टीने हा प्रकार दुर्मीळ मानला जातो. ही तिकिटे १९२२ पर्यंत उपयोगात होती. म्हणजे युद्धबंदीनंतरही चार वर्षे भारतीय फौजा परमुलखात तैनात होत्या, हे या तिकिटांच्या आयुर्मानावरून सहज लक्षात येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. रणभूमीवरील सैनिकांना साध्या पत्रांसाठी टपालहशील माफ असे. त्यामुळे त्या काळातील अनेक लिफाफ्यांवर तिकीट आढळतच नाही. त्याऐवजी ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ असे शब्द लिहिलेले किंवा छापलेले असतात. मग तिकिटांची गरज कशासाठी होती? रजिस्टर पत्रे, पार्सले, तसेच ज्यांना माफीची सवलत लागू नव्हती त्यांचे टपाल यांसाठी. या वस्तुस्थितीचा पुढे निष्कर्षाशी जवळचा संबंध आहे.

तिकिटांवर अक्षरे का छापली गेली?

अधिमुद्रणाचे कारण अभिमान किंवा स्मरण हे नव्हते. ते शुद्ध हिशेबाचे होते. टपालतिकीट हे एका अर्थी छोटे चलनच असते. ते एका ठिकाणी विकत घेऊन दुसऱ्या ठिकाणी वापरता येते, देवघेवीत रकमेऐवजी देता येते. परमुलखातील टपाल कचेरीत तिकिटे स्थानिक नाण्यांत विकली जात आणि त्या नाण्यांचा रुपयाशी असलेला भाव सतत वरखाली होत असे. चीनमध्ये चांदीच्या चलनाचा भाव घसरलेला होता. अशा वेळी साधी भारतीय तिकिटे तेथे स्वस्तात घेऊन भारतात पूर्ण किमतीने खपविणे एखाद्या चलाख माणसाला सहज शक्य झाले असते. तिकिटावर मोहिमेची अक्षरे छापल्यामुळे ते केवळ मोहिमेच्या टपाल कचेरीतच ग्राह्य ठरले आणि हा मार्ग बंद झाला.

दुसरे कारण लेखापरीक्षणाचे. मोहिमेतील टपालाचा जमाखर्च नित्याच्या भारतीय टपालापासून वेगळा काढणे वेगळ्या तिकिटांमुळे सोपे होई. नवे चित्र कोरून नवी तिकिटे छापण्यास महिने लागले असते. उपलब्ध तिकिटांवर तीन अक्षरे छापणे हे काही दिवसांचे काम होते. युद्धात सोय हीच कसोटी असते. पुढे जगभर जी ‘युद्धकालीन’ तिकिटे निघाली त्यांतील बहुसंख्य अधिमुद्रितच आहेत, याचे कारण यात सापडते.

तळापासून आघाडीपर्यंत

रणक्षेत्र टपालाची रचना दोन पायऱ्यांची होती. बंदरावर किंवा मुख्य तळावर ‘बेस पोस्ट ऑफिस’ असे. भारतातून जहाजाने आलेल्या थैल्या तेथे उघडल्या जात आणि पत्रांची पलटणवार छाननी होई. तेथून ती पत्रे डिव्हिजन व ब्रिगेड यांच्या ठाण्यांशी जोडलेल्या फील्ड पोस्ट ऑफिसांकडे जात. पलटणीचा माणूस येऊन आपल्या पलटणीची थैली घेऊन जाई. परतीचे टपाल याच मार्गाने उलट दिशेने येई. या कचेऱ्यांतील कारकून आणि पोस्टमास्तर हे भारतीय टपालखात्यातून व रेल्वे मेल सर्व्हिसमधून घेतलेले असत. हातात बंदूक नसलेली ही माणसे तंबूत, आगबोटीत, कधी उंटाच्या पाठीवरच्या पेट्यांत आपली कचेरी मांडत.

प्रत्येक फील्ड पोस्ट ऑफिसाला क्रमांक असे. ठशावर गावाचे नाव येत नसे, केवळ क्रमांक व तारीख येई. पत्र शत्रूच्या हाती पडले तरी फौज कोठे आहे हे कळू नये, असा यामागील हेतू होता. फौज हलली की कचेरी हलत असे, क्रमांक मात्र तोच राही. त्यामुळे आज अभ्यासकाला क्रमांक आणि तारीख यांची पलटणींच्या हालचालींशी सांगड घालून पत्राचे ठिकाण निश्चित करावे लागते. जे त्या वेळी गुप्ततेसाठी केले गेले, तेच आज अभ्यासाचे कोडे बनले आहे.

ही कचेरी केवळ पत्रांपुरती नव्हती. शिपाई आपल्या पगारातील रक्कम मनीऑर्डरने घरी पाठवीत असे. गावातील पोस्टमन जेव्हा दारात येई तेव्हा तो पत्राबरोबर पैसे आणि पैशाबरोबर माणूस जिवंत असल्याची खूण घेऊन येई. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू गावातील कुटुंबाच्या दृष्टीने महायुद्धाचे जागतिक राजकारण या एका घटनेत सामावलेले होते.

मेसोपोटेमिया : जिंकलेल्या मुलखाची तिकिटे

‘डी’ फौजेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. या फौजेचा गाभा म्हणजे सहावी, अर्थात ‘पूना’ डिव्हिजन. तिची पहिली ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला शट-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. याच ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. डिव्हिजनच्या अन्य ब्रिगेडांत १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या. नोव्हेंबर संपण्याच्या आत बसरा ताब्यात आले. मुंबई–बसरा हा टपालजहाजांचा मार्ग पूर्वीपासून चालू होता. आता त्यावरून फौजेचे टपाल जाऊ लागले. बसऱ्यापुढे तैग्रिस नदी हाच रस्ता. कुर्ना, अमारा, अली घर्बी अशा ठाण्यांमागून ठाणी घेत नदीतील आगबोटींनी थैल्या वर नेल्या जात.

फौज पुढे सरकेल तसे टपालाचे स्वरूप बदलत गेले. ज्या मुलखात ती शिरली तेथील नागरिकांनाही टपालाची आवश्यकता होती आणि तेथील तुर्की टपालव्यवस्था नाहीशी झाली होती. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडल्यानंतर त्याच वर्षी तेथे हाती लागलेल्या तुर्की तिकिटांवर ‘बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ असे शब्द व आण्यांतील किंमत छापून ती विकली गेली. १९१८ मध्ये ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ अशा अक्षरांची मालिका निघाली. यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. तुर्कस्तानची १९१४ ची चित्रतिकिटे मुळात लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीने छापलेली होती. त्यामुळे शत्रूच्या तिकिटांचे साचे युद्धकाळात लंडनमध्येच होते. त्यांचाच उपयोग करून कॉन्स्टँटिनोपलच्या इमारतींची चित्रे असलेली तिकिटे इराकसाठी छापली गेली आणि त्यांवर भारतीय आण्यांची किंमत आली. मोसुल येथे १९१९ च्या प्रारंभी तर तुर्की महसुली तिकिटांवरच ‘पोस्टेज’, ‘आय.ई.एफ. डी’ ही अक्षरे आणि अर्ध्या आण्यापासून आठ आण्यांपर्यंतच्या किमती छापण्यात आल्या.

असे प्रकार अन्यत्रही घडले. ज्या बुशायरमध्ये १८५६ साली भारतीय रणक्षेत्र टपालाचा उगम झाला होता, तेथेच ऑगस्ट ते ऑक्टोबर १९१५ या अल्पकाळात इराणी तिकिटांवर ‘अंडर ब्रिटिश ऑक्युपेशन’ असे छापले गेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या माफिया या लहानशा जर्मन बेटावर १९१५ च्या जानेवारीत ब्रिटिश ताबा आला. पुढे तेथे ‘आय.ई.एफ.’ तिकिटांवरच ‘जी.आर. पोस्ट माफिया’ असे दुसरे अधिमुद्रण झाले.

यांतील बहुतेक तिकिटांत एक समान सूत्र आहे. बुशायरचा अपवाद वगळता, मुलूख कोणाचाही असो, किंमत आण्यांत आहे. भारतीय शिपाई, भारतीय टपालखाते आणि भारतीय रुपया हे तिघे बरोबरीने चालत होते. ज्या देशाला स्वतःचे राज्य नव्हते त्या देशाच्या चलनाने आणि मनुष्यबळाने इतरांचे मुलूख जिंकले जात होते, याचा याहून ठळक पुरावा कागदाच्या इतक्या छोट्या तुकड्यावर सापडणे कठीण.

कूतचा वेढा : थांबलेले टपाल

टपालाचा इतिहास केवळ पोहोचलेल्या पत्रांचा नसतो. न पोहोचलेल्या पत्रांचाही असतो. बगदादच्या दिशेने निघालेली जनरल टाउनशेंड यांची फौज टेसिफोनच्या लढाईनंतर माघार घेऊन डिसेंबर १९१५ च्या आरंभी कूत-अल-अमारा येथे आली व तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा सुमारे पाच महिने चालला. १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या मराठा पलटणींचे शिपाई या वेढ्यात होते. बिनतारी संदेशयंत्र चालू होते, पण ते सेनापतींच्या कामासाठी. शिपायाच्या पत्राला वाट उरली नव्हती. अखेरच्या दिवसांत विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्यात आल्या, परंतु त्या अपुऱ्या पडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार ब्रिटिश व भारतीय सैनिकांनी शरणागती पत्करली.

टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात ठेवण्यात आले. सामान्य शिपायांना मात्र उन्हातान्हात शेकडो मैल चालविले गेले आणि रास-अल-ऐन यांसारख्या ठिकाणी रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. अनेकांचा वाटेतच अंत झाला. युद्धकैद्यांची पत्रे रेडक्रॉस व रेड क्रिसेंट यांच्यामार्फत जाऊ शकत. पण ज्याला लिहिता येत नाही, ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या दृष्टीने ही सोय नाममात्रच होती. त्यामुळे कूतमधील मराठी शिपायाचे पत्र ही आज अत्यंत दुर्मीळ गोष्ट असणार. गावाकडे जे पोहोचले ते मौन होते. त्या मौनाचाही अंतर्भाव टपाल-इतिहासात व्हावयास हवा.

सेन्सॉर आणि सांकेतिक भाषा

फ्रान्सला गेलेल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन झाली होती. तिचे प्रमुख काही काळ ई. बी. हॉवेल हे होते. निरनिराळ्या भारतीय भाषांतील पत्रांमधून निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून त्यांचे अहवाल नियमितपणे वरिष्ठांकडे पाठविले जात. शिपायांच्या मनःस्थितीचा अंदाज घेणे हा त्यामागील हेतू होता. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रांचे संपादन प्रसिद्ध केले.

पत्र तपासले जाते हे शिपायांना लवकरच कळले आणि त्यांनी त्यावर उपाय शोधला. भारतीय शिपायांसाठी ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या शिपायांसाठी ‘लाल मिरी’ असे शब्द वापरून कोणाची किती हानी झाली हे ते कळवीत. मसाल्याच्या भावाविषयीचे वाटणारे पत्र प्रत्यक्षात मृत्यूची वार्ता असे.

येथे एक विचित्र योगायोग घडला आहे. जी पत्रे सेन्सॉरच्या हाती पडली, त्यांतील शब्द भाषांतराच्या रूपाने टिकले. जी निर्वेध घरी पोहोचली ती बहुतेक काळाच्या ओघात नष्ट झाली. सरकारी संशयाने जे जपले ते कौटुंबिक जिव्हाळ्याला जपता आले नाही. शिवाय टिकलेले शब्द इंग्रजीत आहेत. मूळ भाषेतील लहेजा, संबोधने, वडीलधाऱ्यांना घातलेले दंडवत, शेतीची आणि बैलांची चौकशी हे सारे भाषांतरात फिके झाले आहे. ‘ए’ फौजेत मराठी शिपायांचे प्रमाण अल्प असल्याने मराठी पत्रे त्या अहवालांत थोडीच असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच आपल्याकडील घरांत टिकून राहिलेल्या मूळ पत्रांचे मोल अधिक आहे.

हेही ध्यानात घ्यावयास हवे की बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. पत्र लिहिणारा पलटणीतील लिहिता-वाचता सोबती असे आणि गावात ते वाचून दाखविणारा बहुधा शाळामास्तर किंवा पोस्टमन. एक पत्र किमान चार जणांच्या मुखाकानांतून जाई. त्यामुळे त्यातील साचेबंद मजकूर हा भावनेचा अभाव नसून त्या सार्वजनिकतेचा परिणाम आहे, असे म्हणता येईल.

लिफाफा कसा वाचावा?

समजा, एखाद्या घरात असा एक लिफाफा सापडला. त्याचा अर्थ लावताना पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम तिकीट आहे की नाही ते पाहावे. नसेल तर ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ हे शब्द शोधावेत. नंतर ठशातील कचेरीचा क्रमांक व तारीख नोंदवून ती पलटणीच्या ज्ञात हालचालींशी ताडून पाहावी. सेन्सॉरचा शिक्का असल्यास त्याचा आकार व क्रमांक नोंदवावा. लिफाफ्याच्या पाठीमागे वाटेतील कचेऱ्यांचे आणि शेवटच्या गावाचे ठसे असू शकतात. पहिल्या व शेवटच्या तारखेतील अंतर म्हणजे पत्राच्या प्रवासाचा काळ. पत्त्याची लिपी, देवनागरी की मोडी की रोमन, यावरून लिहिणाऱ्याविषयी अनुमान करता येते. पत्ता एका हस्ताक्षरात व मजकूर दुसऱ्या हस्ताक्षरात असेल तर लेखनिक दोन होते हे उघड होते.

खऱ्याखोट्याचा प्रश्नही येथे उद्भवतो. साध्या तिकिटावर मागाहून बनावट अक्षरे छापून ते महागात विकण्याचे प्रकार पूर्वापार चालत आले आहेत. अधिमुद्रणाची शाई ठशाच्या शाईच्या वर चढलेली दिसली तर संशय घ्यावा. कारण अस्सल तिकिटावर अक्षरे आधी आणि ठसा नंतर येतो. तसेच ठशाची तारीख तिकीट निघण्यापूर्वीची असेल तर तो पुरावा निर्णायक समजावा.

अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत घातक सवय म्हणजे लिफाफ्यावरील तिकीट पाण्यात भिजवून सोडविणे. त्यामुळे तिकीट हाती येते, परंतु कचेरीचा क्रमांक, तारीख, पत्ता आणि मार्ग यांचा परस्परसंबंध कायमचा तुटतो. सुटे ‘आय.ई.एफ.’ तिकीट एवढेच सांगते की मोहीम झाली. लिफाफा सांगतो की अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक गावाची आठवण काढली.

स्वातंत्र्यानंतर : तीच पद्धत, निराळा हेतू

अधिमुद्रणाची ही पद्धत साम्राज्याबरोबर संपली नाही. १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी भारताने आपली संरक्षक फौज तेथे पाठविली. तिच्यासाठी स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्व मालिकेतील तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे शब्द देवनागरीत छापण्यात आले. या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते. १९५४ मध्ये हिंदचीनमधील आंतरराष्ट्रीय आयोगाच्या कामासाठी कंबोज, लाओस व व्हिएतनाम यांच्या नावांची देवनागरी अधिमुद्रणे निघाली. १९६२ मध्ये काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील भारतीय तुकडीसाठी आणि १९६५ मध्ये गाझा येथील तुकडीसाठीही अशी तिकिटे काढण्यात आली. गाझासाठी पंडित नेहरूंचे चित्र असलेले १५ पैशांचे तिकीट वापरले गेले. १ मार्च १९७२ रोजी भारतीय सैन्यातील टपालसेवेला स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला.

तंत्र तेच राहिले. लिपी आणि हेतू बदलले. १९०० साली पेकिंगवर चालून जाणाऱ्या फौजेच्या तिकिटावर रोमन आद्याक्षरे होती; अर्धशतकानंतर कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या फौजेच्या तिकिटावर देवनागरी शब्द होते. पारतंत्र्यापासून स्वातंत्र्यापर्यंतचे अंतर या दोन तिकिटांत मोजता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘आय.ई.एफ.’ हे अधिमुद्रण चलनाच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी व हिशेबाच्या सोयीसाठी केलेली प्रशासकीय तजवीज होती. दुसरी, भारतीय टपालखाते हे युद्धकाळात केवळ पत्रे पोहोचविणारे खाते न राहता जिंकलेल्या मुलखात राज्यव्यवस्था उभी करण्याचे साधन बनले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, बाजारातील किंमत आणि ऐतिहासिक मोल यांचे गणित येथे उलटे आहे. दहाही किमतींची तिकिटे व्यवस्थित लावून स्वतःच्याच नावे पाठविलेला लिफाफा संग्राहकाला प्रिय असतो. परंतु तो मुख्यतः छंदाचा पुरावा असतो. तिकीट नसलेला, डाग पडलेला, मोडीत पत्ता लिहिलेला शिपायाचा लिफाफा बाजारात दुर्लक्षित राहतो; इतिहासाला मात्र तोच हवा आहे.

१९२२ मध्ये मराठा पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये संघटित झाल्या आणि ११७ व्या पलटणीच्या उत्तराधिकारी बटालियनला ‘रॉयल’ ही उपाधी लाभली. पलटणींचे पराक्रम अशा रीतीने कोरले गेले. माणसांचे शब्द मात्र विखुरलेलेच राहिले. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात असंख्य घरांतून एखादा माणूस त्या युद्धात गेला होता. त्या घरांतील पत्र्याच्या पेट्यांत, देवघरातील डब्यांत, जमिनीच्या कागदांच्या गठ्ठ्यांत अद्याप काही पत्रे असण्याची शक्यता आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरात विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा पत्रांचा शोध घ्यावा, मूळ कागद त्या कुटुंबाकडेच ठेवून त्यांची छायाचित्रे काढावीत, मोडीतील मजकुराचे लिप्यंतर करावे आणि तिकीट न काढता लिफाफा जसाच्या तसा जपण्याची विनंती कुटुंबाला करावी. हे काम खर्चिक नाही, मात्र तातडीचे आहे. वाळवी आणि विस्मृती या दोहोंनाही शतकभराची मुदत पुरेशी असते, आणि ती मुदत उलटून गेली आहे.